तुम्ही विचारलंत म्हणून: याचं एक पिल्लू द्या ना!

आमच्या बाल्कनीत आलेला माणूस माझ्या युफोर्बिया ओबेसा नावाच्या चेंडूसारख्या झाडाकडे बघून आधी विचारतो, हे खरं आहे की शोभेचं? मग बोटाने दाबून बघतो (दाबू नका हो), आणि तिसरं वाक्य ठरलेलं, "याचं एक पिल्लू द्या ना." कोरफडीची पिल्लं मी पिशवी भरून वाटते, स्नेक प्लांट तर घ्या म्हणून लोकांच्या मागे लागते, त्यामुळे याच्याच बाबतीत मी हात आखडता घेते असा सगळ्यांचा समज झालाय. समोरच्या काकू एकदा सरळच म्हणाल्या, महागाचं असेल म्हणून देत नसशील. महागाचं नाहीये काकू, याला पिल्लं होतच नाहीत. आता हे दर वेळी दारात उभं राहून सांगत बसण्यापेक्षा एकदा बसून लिहिते.

झाडाचं नाव युफोर्बिया ओबेसा. ओबेसा म्हणजे जाडं, लठ्ठ, आणि नाव अगदी शोभतं त्याला. पानं नाहीत, काटे नाहीत, फांद्या नाहीत, नुसता एक हिरवा-करडा गोळा, त्याला बहुतेक वेळा आठ उभे उंचवटे, अंगावर आडवे जांभळट पट्टे आणि प्रत्येक उंचवट्याच्या कडेवर बारीक खुणांची रांग, बॉलच्या शिलाईसारखी. इंग्रजीत याला बेसबॉल प्लांट म्हणतात पण आपल्याकडे बेसबॉल कोण खेळतंय, खालच्या मजल्यावरचा मुलगा याला सीझन बॉल म्हणतो आणि मला ते जास्त आवडतं. लहान असताना गोल असतं, वय झालं की हळूहळू उंच होत खांबासारखं दिसायला लागतं.

काहीजण याला निवडुंग म्हणतात आणि मग दुसरा कोणीतरी लगेच सुधारतो की अहो हा कॅक्टस नाही. कॅक्टस नाहीच, पण निवडुंग म्हणणारा चुकत नाहीये. आपला तिधारी निवडुंग, शेताच्या बांधावरचा, तोसुद्धा युफोर्बियाच. अमेरिकेतून आलेला कॅक्टस तो फड्या, त्याला निवडुंग हे नाव नंतर मिळालं. म्हणजे ओबेसा हा आपल्या निवडुंगाचा आफ्रिकेतला चुलतभाऊ, आणि कुंपणाला लावतात तो शेर, तोही याच घरातला, तोही मूळचा आफ्रिकेचाच. सगळं एरंडाचं कूळ.

याचं गाव म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला कारू. (आपल्या कारू-नारूतला कारू नव्हे, हा एक मोठा कोरडा माळ आहे.) त्यातही सगळीकडे नाही, ईस्टर्न केप प्रांतात ग्राफ-रेनेट नावाचं गाव आहे, त्याच्या दक्षिणेला केन्ड्र्यूच्या आसपास, बस. एवढ्याशा पट्ट्याबाहेर हे झाड आपलं आपण कुठेही उगवत नाही. तिथे वर्षाला 200 ते 300 मिमी पाऊस, तोही बराचसा उन्हाळ्यात, जमीन दगडगोट्यांची, आणि हे त्या दगडांत आणि खुरट्या झुडपांच्या सावलीत असं बसलेलं असतं की ते पट्टे, तो करडा रंग कशासाठी आहे ते फोटो बघूनच कळतं. फोटोत मला एकदा दोन दिसले, खाली लिहिलं होतं पाच आहेत.

आता पिल्लांचं. कोरफड बुंध्याशी पिल्लं काढते म्हणून एकाची दहा होतात आणि कोणी एक उपटून नेली तरी काही बिघडत नाही. ओबेसा एकुलतं एक वाढतं. पान तोडून लावावं तर पान नाही, फांदी लावावी तर फांदी नाही. राहिलं बी, तर त्यातही नर वेगळं झाड आणि मादी वेगळं झाड, पपईसारखं. दोघं जवळ हवीत, दोघांना एकाच वेळी फुलं हवीत, मध्ये किडा हवा, आणि एवढं सगळं जमलं तर एका फळात बिया किती, दोन किंवा तीन. त्यामुळे माळावरून कोणी एक मोठी मादी खणून नेली की तिच्या पुढच्या सगळ्या वर्षांच्या बिया गेल्या, आणि शेजारचा नर बसला रिकामा.

आणि नेमकं तेच झालं. 1897 च्या सुमाराला हे झाड बाहेरच्या लोकांच्या नजरेत आलं, 1903 मध्ये जोसेफ हूकर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं (बॉटनीवाल्यांना माहीत असतील, भारतातल्या वनस्पतींवर सात खंड काढणारे तेच हूकर, तेव्हा वय पंचाऐंशी) आणि मग युरोपातल्या हौशी लोकांना वेडच लागलं. गाड्या भरून झाडं गेली. 1915 मध्ये, म्हणजे जेमतेम अठरा वर्षांत, तिथल्या सरकारला हे वाचवायला कायदा करावा लागला. हे वाचलं तेव्हा मला जरा लाज वाटली, कारण वेड लागलेल्यांच्या रांगेत मीही आहेच की, फक्त शंभर वर्षं उशिरा.

यावरून दुसरा प्रश्न येतो, एवढं दुर्मिळ आहे तर घरात ठेवणं गुन्हा नाही का? नाही. दुर्मिळ आहे ते माळावर. नर्सऱ्यांमध्ये बियांपासून हजारोंनी तयार होतं, एखाद्याला सोसायटीच्या लिफ्टमध्येही भेटेल. पण देशाबाहेरून झाड मागवायचं असेल तर सायटिस नावाचा, दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार आहे, रसाळ युफोर्बिया जवळजवळ सगळे, ओबेसासकट, त्याच्या परिशिष्ट 2 मध्ये येतात, म्हणजे परवाना हवा, शिवाय आपल्या प्लांट क्वारंटाइनचे (बाहेरून येणाऱ्या झाडांची रोग-किडीसाठी तपासणी) कागद वेगळे. कोणी "कागद-बिगद काही नाही, थेट आफ्रिकेतून आलंय" असं कौतुकाने सांगितलं तर तिथून निघावं. आजकाल कारूच्या पश्चिमेकडे कोनोफायटम नावाच्या बटणाएवढ्या झाडांची अशीच चोरी चाललीय, लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या जगाला झाडांचा नाद लागला आणि तिकडचे डोंगर खरवडले गेले.

माझं पहिलं ओबेसा थायलंडच्या नर्सरीतून आलेलं होतं, एका विक्रेत्याने दहा-बाराजणांची एकत्र ऑर्डर घेतली होती. मुळं धुतलेली, कागदात गुंडाळलेलं, संत्र्याएवढं, मी हरखून गेले. इतक्या लांबून आलंय बिचारं, तहानलं असेल, म्हणून त्याच संध्याकाळी कुंडीत लावलं आणि भरपूर पाणी घातलं. जुलै महिना. पंधरा दिवसांत बुंध्याशी मऊ लागलं, विसाव्या दिवशी उचललं तर वरचा अर्धा हातात आणि खालचा अर्धा कुंडीत, आणि वास असा की सांगू नये. नंतर कळलं की प्रवासात मुळं दुखावलेली असतात, आठ-दहा दिवस कोरडं ठेवायचं, मग कोरड्याच मिश्रणात लावायचं आणि पुढे आणखी आठवडाभर पाण्याचं नाव काढायचं नाही. पाहुणा आला की पाणी विचारायची आपली सवय, ती इथे नडली.

त्यानंतर नाशिकच्या एका काकांनी मला बारा बिया दिल्या. पाकिटावर लिहिलं होतं, घाई नको. बारातल्या नऊ रुजल्या, दोन आठवड्यांत दोन बारीक पानं आणि मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा गोळा. पहिल्या वाढदिवसाला मोठ्या वाटाण्याएवढं, तिसऱ्या वर्षी सुपारीएवढं, पाचव्या वर्षी लिंबू. नऊातली सात आज आहेत.

मिश्रणाचं विचाराल तर माझ्याकडे अर्ध्याहून जास्त दगडच असतो, क्रशरवरची बारीक कच धूळ धुवून घेतलेली, विटांचा चुरा, थोडं परलाइट (पांढरे, हलके खडे) आणि मूठभर जुनं गांडूळखत. पाणी घातलं की खालून लगेच निघायला हवं. प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) मिळालं तर छान, पण त्यासाठी पैसे उडवायची गरज नाही. मूळ सोटमूळ असतं, जाड, खाली जाणारं, म्हणून उथळ बोन्साय ट्रेपेक्षा खोल मातीची कुंडी बरी.

पाणी किती दिवसांनी, याला माझ्याकडे आकडा आहे पण तो माझ्या बाल्कनीचा आहे. मार्च ते मे दर आठ-दहा दिवसांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेवढंच, थंडीत महिन्यातून एकदा. खरी परीक्षा पावसाळा. पुण्यात सातशे मिमीच्या वर पाऊस पडतो, तो सगळा चार महिन्यांत, आणि नुसता पाऊस अडवून भागत नाही कारण हवाच ओली असते, पंधरा-पंधरा दिवस ऊन नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या कुंड्या पत्र्याखाली जातात, एक जुना टेबल फॅन दिवसा चालू असतो (नवरा याला गोठ्यातला पंखा म्हणतो) आणि सप्टेंबरपर्यंत पाणी जवळजवळ बंद, अगदीच अंग चपटं पडलेलं दिसलं तर कडेने दोन चमचे. चपटं पडलेलं ओबेसा पाणी दिलं की चार दिवसांत फुगतं. फुगून सडलेलं काही परत येत नाही.

ऊन आवडतं पण सवयीने. एकदा मी एक झाड घरातून उचलून एप्रिलच्या गच्चीवर ठेवलं, संध्याकाळपर्यंत एका बाजूला तपकिरी डाग, तो आज सहा वर्षांनी तसाच आहे, फक्त झाड वाढलं तसा खाली सरकलाय. म्हातारं झालं की बुंध्याकडून खोडासारखं तपकिरी होतं, तो रोग नाही, त्यावर बुरशीनाशक मारू नका, दाबून बघा, टणक असेल तर नुसतं वय आहे. (हो, मालकिणीला दाबायची परवानगी आहे.) खरा त्रास म्हणजे लाल कोळी नावाचा बारीक किडा, उन्हाळ्यात येतो, डोळ्याला दिसत नाही आणि शेंड्याकडची कातडी खरखरीत गंजल्यासारखी करून जातो, म्हणून मी पाणी देताना वरून एकदा फवारा मारून घेते.

आणि चीक. शेराचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं ते गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, याचाही तसाच. मला आजीने शंभरदा सांगितलेलं असूनही कुंडी बदलताना नख लागलं, पांढरा थेंब आला, मी तो पुसला आणि त्याच हाताने कपाळावरचे केस मागे सारले. रात्री साडेनऊला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. हातमोजे घाला, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा.

पाचव्या वर्षी पहिली फुलं आली तेव्हा कळलं की सातात पाच नर आणि दोन माद्या. फुलं म्हणजे शेंड्याजवळ जिऱ्याएवढी टोकं, नराची पिवळी पावडर बोटाला लागते, मादीच्या टोकाला तीन फाटे. मुलीच्या रंगपेटीतला शून्य नंबरचा ब्रश घेऊन सकाळी नऊच्या उन्हात इकडून तिकडे फिरवायचा, चार-पाच दिवस रोज. शेजारी दुसऱ्या जातीचा, मेलोफॉर्मिस वगैरे युफोर्बिया फुलात असेल तर त्याला लांब ठेवा, यांचे संकर फार सहज होतात आणि बाजारात ओबेसा म्हणून विकली जाणारी बरीच रोपं तशीच असतात.

फळ धरलं की तीन कप्प्यांची छोटी गोळी दिसते, एरंडाच्या बोंडाची बाळ-आवृत्ती, आणि एरंडासारखीच ती तडकते. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. दुपारी बाल्कनीतून टक् असा आवाज यायचा, मला वाटायचं पाल. बिया मोहरीहून किंचित मोठ्या, करड्या, फरशीवर शोधून सापडल्या त्या दोन. एक पुढे चार महिन्यांनी सापडली, पलीकडच्या अडेनियमच्या कुंडीत उगवलेली. आता फळ धरलं की मी झाडावर चहाची गाळणी उलटी घालून ठेवते, वर एक दगड. पाहुण्यांना ते बघून काय वाटत असेल ते वाटो.

तर काकू, पिल्लू नाही, पण गेल्या वर्षीच्या बियांची सव्वीस रोपं आहेत, वाटाण्याएवढी. एक मागू नका, चार न्या, कारण आत्ता नर-मादी काही कळत नाही आणि चार घेतली तर सगळी नुसती नर किंवा सगळी नुसती मादी निघण्याची शक्यता आठात एक उरते. पावसाळ्यात देणार नाही. दसरा झाला की या, कुंडी तुमची आणा, कच माझ्याकडे पोतंभर आहे.