कूलरशेजारची आठ फूट

आमच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर कूलरचा लोखंडी स्टँड आहे. स्टँडपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत आठ फूट जागा. तिथे पूर्वी गुलमोहर होता. आठ फुटांत गुलमोहर लावणारी शहाणी मीच. त्यानं आधी भिंतीला तडा दिला आणि मग एका जूनच्या वादळात त्याची फांदी थेट कूलरवर येऊन बसली. ऐन उकाड्यात दोन रात्री गच्चीवर काढल्या.

आता लहान झाड हवं, एवढं नक्की होतं. नर्सरीत गेले तर पावसाळ्यामुळे सगळंच टवटवीत. पावसाळ्यात काय, काठीलाही पालवी फुटते. नागपुरात झाडाची पारख करायची ती मे महिन्यात, पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा. नर्सरीवाला भाऊ प्रत्येक रोपापाशी म्हणे, "हे न्या न ताई, काय फुलते बाप्पा!" फुलते ठीक, पण नवतपात उभं राहते का?

ताम्हण मनात भरला होता. राज्यफुलाचा मान, शिवाय जांभळे तुरे ऐन उन्हाळ्यात. पण झाड मुळात ओढ्याकाठचं, आणि वाढू दिलं तर परत गुलमोहराचीच गत. बिट्टीला पाणी कमी लागतं, पण बी विषारी. आम्ही लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो खरं. आता घरात सगळं तोंडात घालणारा दीड वर्षांचा नातू आहे. आपटा इकडच्या रानातला, काटक, बेताच्या उंचीचा. पण दसऱ्याला सोन्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या खपतात, त्या गल्लीत खरा आपटा कुंपणाशी लावायचा म्हणजे एकादशीला नुसता बुंधा पाहायचा.

शेवटी पारिजातक घेतला आणि फाटकापाशी लावला. उन्हाळ्यात तो मलूल होतो, पानं टाकतो. पण शरदात पहाटे खाली सडा पडला की त्याला सगळं माफ.

कूलरजवळची जागा मात्र रिकामीच राहिली. शेजारच्या काकू भिंतीवरून हे सगळं पाहत होत्या. एक दिवस त्यांनी त्यांच्या पांढऱ्या चाफ्याची हातभर फांदी तोडून माझ्या हातात दिली. कापल्या जागेतून दूध टपटप ओट्यावर. "लगेच नको लावू. चीक सुकू दे आठ दिवस. आणि खड्ड्यात पाणी साचू देऊ नको, सडते."

आमची काळी माती म्हणजे पावसात चिखल, उन्हात बोट जाईल एवढ्या भेगा. म्हणून मुरूम आणि वाळू मिसळून जरा उंचवटा करायचं ठरलं. चाफा थंडीत पानं गाळतो, तेव्हा खिडकीत ऊन येईल. मेमध्ये पानं असतील, तेव्हा पश्चिमेचं ऊन अडेल. असा हिशेब जुळणारं झाड आयतं भिंतीपलीकडे होतं आणि मी नर्सऱ्या पालथ्या घालत होते.

मुरूम आणायचं काम यांच्याकडे होतं, त्यामुळे आठाचे वीस दिवस झाले. फांदी कूलरच्या स्टँडवर आडवी पडलेली. येणारा जाणारा विचारी, ही काठी कशाला ठेवली? काल झाडताना उचलली, तर टोकाला दोन पानं उलगडलेली होती. माती नाही, पाणी नाही. मी ती यांना नेऊन दाखवली. संध्याकाळी मुरूम आला.