केक किती किलोचा आणू?

फोंड्याच्या बाजारात, नाहीतर कुणाच्या लग्नाच्या पंगतीत, मला कुणीतरी गाठतंच. "बाई, तुम्ही शनिवारी त्या बालगृहात गणित शिकवायला जाता ना? नातवाचा वाढदिवस तिथे करावा म्हणतो. केक किती किलोचा आणू?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तीन किलो पुरे. मुलांना केक आवडतो, खुशाल आणा. फोटो तेवढे नकोत. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे या मुलांची ओळख उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एवढं सांगितलं की निम्म्या लोकांचा उत्साह मावळतो, हे मी पाहिलंय.

पण वाढदिवसाचा विषय तुम्हीच काढलात. तिथल्या मोठ्या मुलांना स्वतःचा वाढदिवस नको असतो. सतरावं संपत आलं की दिवस मोजणं सुरू होतं, कारण 18 पूर्ण झाली की बालगृहातला मुक्काम संपतो. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात येते. माझ्या एका विद्यार्थिनीचा वाढदिवस फेब्रुवारीतला. त्या महिन्यात ती कॅल्क्युलस करत होती आणि मधेच विचारायची, "बाई, ट्रंक माझीच ना? की ती इथे ठेवून जायची?"

हिच्याच बाबतीत माझी मोठी चूक झाली, तीही सांगते. दहावीला तिला गणितात 83 मिळाले होते. अकरावीला सायन्स घेऊ का, असं तिने मला विचारलं. मी शहाणपणाने म्हटलं, शिवणकाम शीक, लवकर पायावर उभी राहशील. ती काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी मी आधी वाचायला दिलेलं अकरावीचं पुस्तक तिने परत आणून दिलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कोपरे नीट दुमडलेले, आत पेन्सिलीने पहिल्या तीन प्रकरणांतली सगळी उदाहरणं सोडवलेली. माझी स्वतःची मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसली. तिला शिवणकाम सुचवावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पुस्तक घेऊन मी रविवारीच परत गेले.

आपण सगळे हेच करतो, दयेपोटी. मुलगी असेल तर शिवण किंवा पार्लर, मुलगा असेल तर आयटीआय. आयटीआयला मी नावं ठेवत नाही, फर्मागुडीहून शिकून बाहेर पडलेले माझे विद्यार्थी माझ्यापेक्षा जास्त कमावतात. पण त्यांनी ते निवडलं होतं. त्यातून आपलं गोवं! अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या पोराला किनाऱ्यावरच्या हॉटेलात ऑक्टोबरात लगेच काम मिळतं. हातात पैसे, राहायला स्टाफची खोली, सगळे म्हणतात सुटला एकदाचा. पावसाळा लागला की हॉटेलवाला म्हणतो, सीझनला ये. काम गेलं की खोलीही जाते. तोवर कॉलेजचा प्रवेश गेलेला असतो.

आता मदतीचं. कायद्यात कलम 46 आहे, 21 वर्षांपर्यंत आफ्टरकेअर, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरचा आधार, मिळू शकते, अपवाद म्हणून 23 पर्यंत. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिन्याला 4,000 रुपयांची तरतूद आहे. पण ते आपोआप येत नाहीत. त्याला अर्ज लागतो, बँकेचं खातं लागतं, आणि अल्पवयीन मुलाचं खातं 18 नंतर नव्याने केवायसी केल्याशिवाय चालत नाही. आधारचे बोटांचे ठसे पंधराव्या वर्षानंतर पुन्हा द्यावे लागतात. ते राहिलं की बरोबर प्रवेशाच्या आठवड्यात कळतं. आणि सरकारी नोकरीचं स्वप्न असेल तर 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला. कर्नाटकातून आलेल्या मजुराचं पोर, आईबापांचा पत्ता नाही, मधे दोनदा शाळा बदललेली. त्याने मामलेदाराच्या कचेरीत कुठले कागद मांडायचे? कोकणी मात्र ते खेळता खेळता फर्डी शिकलेलं असतं.

तुमच्या-आमच्या घरी हे सगळं कोण करतं? बाप रजा टाकतो, मामा ओळख काढतो, आई फाइल घेऊन रांगेत उभी राहते. बालगृहातल्या अधीक्षक बाई एकट्या आणि मुलं वेगवेगळ्या वर्गांतली. पालकसभेच्या दिवशी त्या एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नुसत्या धावत असतात. म्हणून मला विचाराल तर केकसोबत एक दुपार आणा. रांगेत उभं राहायला, फॉर्म वाचायला. मात्र आधी अधीक्षकांना विचारा, आणि एकदा आलात की पुढच्या महिन्यातही या. एकदा येऊन गायब होणाऱ्या काका-मावश्या त्या मुलांनी भरपूर पाहिल्यात.

ती फेब्रुवारीची मुलगी आता बीएस्सीला आहे, दोघींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. ट्रंक तिलाच मिळाली. पहिल्याच रविवारी रात्री तिचा फोन आला. सोबतच्या दोघी गावी गेल्या होत्या. बालगृहाच्या स्वयंपाकघरात ती चाळीस जणांच्या भाताला हात लावायची, तिथलं माप डब्यांचं. गॅसवर पातेलं ठेवून ती विचारत होती, "बाई, एकटीला उकडे तांदूळ किती घ्यायचे?"