मंग पिच्चर त्यासनाच कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. जळगावला लग्नाला जा नाहीतर अमळनेरला नातेवाइकांकडे, मी ॲनिमेशनच्या प्रॉडक्शनमध्ये आहे हे कळलं की प्रश्न ठरलेला: एकाच पिक्चरच्या सुरुवातीला चार-पाच देशांची नावं कशाला येतात? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, जो आमच्या नानांनी विचारला तसाच देते: "तुम्ही इतलं काम करतस, मंग पिच्चर त्यासनाच कसा?" म्हणजे, एवढं काम तुम्ही करता, मग पिक्चर त्या परदेशी लोकांचाच कसा?

खान्देशात याचं उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षभराचा शेतगडी) ठरतो. वर्षाचे पैसे ठरले की पीक आलं काय नि बुडालं काय, मालावर त्याचा हक्क नाही. बटाईने शेत करणारा मात्र बी-बियाण्यात, खतात स्वतःचा पैसा घालतो, म्हणून कापूस विकला की त्यालाही वाटा मिळतो. मुंबई, पुणे, हैदराबाद, तिरुवनंतपुरम इथल्या स्टुडिओंत परदेशी मालिकांचं आणि चित्रपटांचं जे काम वर्षानुवर्षं येतं, ते बहुतेक सालदारीचं. मिनिटाला किंवा शॉटला दर ठरतो, काम पोचतं, बिल निघतं. पात्रं त्यांची, हक्क त्यांचे. सहनिर्मिती, म्हणजे दोन-चार देशांच्या निर्मात्यांनी पैसे घालून मिळून केलेला चित्रपट, ही बटाई.

आता ती नावं. आयर्लंडमधलं किल्केनी हे गाव लोकसंख्येने आपल्या चोपड्याहून लहान आहे. तिथे १९९९ मध्ये 'कार्टून सलून' नावाचा स्टुडिओ निघाला. २००९ चा 'द सीक्रेट ऑफ केल्स' त्यांनी फ्रान्स आणि बेल्जियमबरोबर केला, २०१४ च्या 'साँग ऑफ द सी'ला पाच देश लागले. दोन्हींना ऑस्कर नामांकन मिळालं. आयर्लंडच्या तिकीटबारीवर एवढा खर्च निघणं शक्यच नाही, म्हणून प्रत्येक देशातला निर्माता आपल्या सरकारच्या चित्रपट निधीकडून, टीव्ही चॅनलकडून थोडे थोडे पैसे आणतो. त्या पैशाला बहुतेक वेळा अट असते की खर्च आमच्या देशात करा. त्यामुळे बॅकग्राउंड एका देशात रंगतात, कम्पोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एका फ्रेममध्ये जुळवणं) दुसऱ्या देशात होतं, आवाज तिसरीकडे. ही विभागणी कलेच्या सोयीने झालेली नसते. पैसा जिथला, काम तिथे. हक्कही तसेच वाटले जातात: शक्यतो आपापला देश ज्याचा त्याला, आणि उरलेल्या जगातून जे येईल ते गुंतवणुकीच्या प्रमाणात.

२०२५ चं ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालेला 'फ्लो' तर लॅटव्हियाचा, जोडीला फ्रान्स आणि बेल्जियम. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला. तेच ब्लेंडर जळगावचं पोरगं घरी बसून डाउनलोड करू शकतं, आणि करतंही.

मग आपल्याकडे अडतं कुठे? कागद नाहीत म्हणून नाही. फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन, कॅनडा अशा अनेक देशांशी भारताचे सहनिर्मितीचे करार आहेत. ऑस्ट्रेलियाशी २०२३ मध्ये झाला. अशा करारात बसणारा चित्रपट दोन्ही देशांत देशी धरला जातो, म्हणजे दोन्हीकडच्या सवलतींना पात्र. बहुतेक करारांत एका बाजूचा वाटा निदान २० टक्के तरी लागतो. परदेशी निर्मितींना भारतात होणाऱ्या खर्चाचा काही भाग परत देण्याची योजना केंद्र सरकारने २०२३ मध्ये वाढवून ४० टक्क्यांपर्यंत, कमाल ३० कोटी रुपये अशी केली. पण हे पैसे येतात मागाहून, खर्च झाल्यावर. ॲनिमेशनमध्ये खरी तंगी असते ती पहिल्या वर्ष-दोन वर्षांत, जेव्हा नुसती पटकथा, पात्रांची डिझाइनं आणि स्टोरीबोर्ड (दृश्यांची कच्ची चित्रं) चाललेला असतो आणि दाखवायला काहीच नसतं. युरोपात त्या टप्प्यासाठी वेगळा निधी असतो. आपल्याकडे तो टप्पा निर्मात्याच्या खिशातून किंवा कलाकाराच्या उपाशीपणातून जातो. मला विचाराल तर सगळं घोडं इथेच अडतं. हातात स्वतःचं काही नसताना बोलणी करायला बसलं की समोरचा दर विचारतो, वाटा विचारत नाही.

वाट्याने काय फरक पडतो ते सांगते. एका प्रोजेक्टमध्ये तापीकाठच्या गावातली गोष्ट होती. परदेशातून लेआउट, म्हणजे दृश्यांची मांडणी, आले त्यात सगळ्या घरांना उतरती, गवताची छपरं. आपल्याकडची जुनी घरं धाब्याची, वर सपाट माती. उन्हाळ्यात बिबडे-पापड तिथेच वाळतात, रात्री अंथरुणं तिथेच पडतात. आणि गोष्टीतली मुलगी रात्री धाब्यावर झोपलेली असते! उतरत्या छपरावर झोपवली तर पहिल्याच कुशीला ती अंगणात. आम्ही दराने काम करत होतो, म्हणून 'सूचना' पाठवली. छपरं तशीच राहिली. मुलीला खाली ओट्यावर झोपवलं. वाटेकरी असतो तर त्या लेआउटवर आमच्या सहीशिवाय काम पुढे सरकलं नसतं.

जपानच्या युगो साको यांनी रामायणावर चित्रपट केला तेव्हा आपले ॲनिमेशनकार राम मोहन त्यांच्या बरोबरीने होते. धोतर कसं नेसतात, मुलं मोठ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, हे भारतीय चित्रकारांनी जपानी चित्रकारांना शिकवलं. विषय नाजूक म्हणून भारत सरकार त्यात उतरलं नाही आणि बहुतेक काम जपानमध्येच झालं. १९९३ मध्ये तो दाखवला गेला, पुढे आपल्या पिढीने टीव्हीवर पाहिला.

भारतातून सुरू होऊन बाहेरचा भागीदार मिळालेली उदाहरणंही आहेत. गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ' २०१९ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात क्रिटिक्स वीक या विभागाच्या उद्घाटनाला होता. फ्रेंच निर्माते सोबत, पण चित्रं मुंबईत झाली आणि दिग्दर्शिकेची नजर कुठे पातळ झाली नाही. इशान शुक्ला यांचा 'शिरकोआ' २०२४ मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवाला गेला, त्यात फ्रान्स आणि जर्मनी. संख्या थोडी आहे, कबूल.

सहनिर्मितीत सुख आहे असंही समजू नका. चार देशांचे चार निर्माते, प्रत्येकाच्या नोट्स, प्रत्येकाचा वकील. एकाचा निधी लांबला की सगळ्यांचं शेड्यूल ढासळतं, आणि कॉल आपल्या जेवायच्या वेळेलाच येतो.

धुळ्याच्या, नंदुरबारच्या ज्या मुलामुलींनी अर्ज कुठे करायचा म्हणून विचारलंय त्यांना: देशादेशांतल्या सहनिर्मिती करारातला अर्ज एकट्या कलाकाराला करता येत नाही, भारतीय निर्मिती कंपनी लागते, आणि तो माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे एनएफडीसी (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) मार्फत जातो. त्याआधी गोष्ट मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, पात्रांची डिझाइनं आणि एक-दोन मिनिटांचा टीझर तयार ठेवा. कंपनीने करार पुढे केला की रकमेचा आकडा नंतर बघा; आधी पात्रांचे हक्क कोणाच्या नावावर लिहिलेत ते पान काढून वाचा.