ओढ्यात उतरलेला लाल रंग

डिसेंबरातला रविवार, सकाळचे सात. मी ओढ्याच्या काठावर उभी होते आणि वर सोसायटीच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये आमचे खजिनदार काका बादलीभर लाल पाणी ओतत होते. किराणा दुकानातून आणलेला खाण्याचा रंग, दुसरं काही नाही. फोनवर ते "ओतलं बघ" म्हणाले. सात-आठ मिनिटं गेली आणि पावसाळी पाण्याच्या पाइपातून, जिथून डिसेंबरात थेंबही पडायला नको, लाल धार ओढ्यात पडू लागली. ज्या घाणीसाठी आम्ही वर्षभर वरच्या वस्तीकडे बोट दाखवत होतो, ती आमच्याच बी विंगची होती. मला तिथेच रडू आलं.

हा ओढा पुण्यात पाषाणच्या बाजूला रामनदीला मिळतो. रामनदी भूगावजवळच्या खाटपेवाडीकडून येते आणि बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर करत मुळेला मिळते. पुण्याच्या नद्या म्हटलं की मुळा-मुठाच डोळ्यांपुढे येतात; पण त्यांच्यात पाणी आणि मैला दोन्ही आणून टाकतात ते असे बिननावाचे ओढे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढा घराघरांत शिरला, माणसं गेली. त्यानंतर मी घरामागच्या ओढ्याकडे 'नाला' म्हणून बघणं सोडलं.

ओढा सुधारायची सुरुवात आम्ही चुकीच्याच टोकाकडून केली. मनात होता बगीचा. हिरवळ, सिमेंटचे बाक, पेव्हर ब्लॉकची वाट. परवानगीसाठी महापालिकेत गेलो तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी नकाशा पसरून नदीच्या दोन पूररेषा दाखवल्या. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ओढा नदीला मिळतो तिथला आमचा बराचसा तुकडा निळ्या रेषेच्या आत होता. "इथं पक्कं काहीच नको, ताई. झाडं लावा, पण पाण्याची वाट अडेल असं काही करू नका," ते म्हणाले. बाक आणि ब्लॉक तिथेच कागदावर राहिले, आणि आज त्याचं मला समाधान वाटतं.

मग राडारोडा काढला. चौदा ट्रॉल्या निघाल्या. जूनमध्ये दीडशे रोपं लावली, प्रत्येकाला बांबूचा आधार, आळं, शेणखत, सगळं. जुलैत दोन दिवस धो धो पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी काठावर चार बांबू उरले होते. लव्हाळी मात्र चिखलात आडवी झाली होती, ती आठवड्याभरात पुन्हा उभी.

त्या दिवसांत गावठाणातले एक नाना रोज काठावर येऊन बसायचे. त्यांच्या लहानपणी म्हशी याच ओढ्यात डुंबायच्या. माझी झालेली दशा बघून म्हणाले, "पोरी, नर्सरीतलं रोप इथं तग धरायचं नाही. वाळुंजाच्या फांद्या आण आणि पाणी ओसरलं की ओल्या चिखलात खोच. मुळं त्याची तो काढतो." वाळुंज पाण्याच्या कडेचंच झाड, पुरात वाकणारं आणि माती धरून ठेवणारं. ज्याच्यावरून गावांना आणि माणसांच्या आडनावांना नाव मिळालं, ते झाड शहरात राहून मी कधी पाहिलंच नव्हतं.

पण फांद्या खोचण्याआधी मैल्याचं बघायला हवं होतं, कारण मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. जलचर जगावेत म्हणून लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, असा निकष आहे. तो नसेल तर मासे नाहीत, चतुर आणि टाचण्या या उडत्या किड्यांची पाण्यात वाढणारी पिल्लं नाहीत, आणि डासांच्या अळ्या खायलाच कोणी उरत नाही. काठ कितीही हिरवा केला तरी ओढा मेलेलाच. म्हणून ती लाल रंगाची बादली.

प्लंबरने खोदून पाहिलं. कधीतरी ड्रेनेजची लाइन तुंबली होती, तेव्हा कोणीतरी ती पावसाळी पाइपाला जोडून दिली होती आणि पुढे सगळे विसरले. दुरुस्तीचा खर्च प्रत्येक फ्लॅटवर येणार म्हटल्यावर तीन बैठका गाजल्या. दोन बैठका मी नुसती बोलत राहिले. तिसऱ्या बैठकीत बोलले नाही, फोनमधला लाल धारेचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "हे आपलं आहे? मग आपणच निस्तरायचं." ठराव झाला.

जोडणी बदलल्यावर महिनाभरात वास कमी झाला. पुढच्या पावसाळ्यात पहिला मोठा लोंढा ओसरल्यावर वाळुंजाच्या साठ फांद्या खोचल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त जगल्या. करंज, उंबर, जांभूळ आता वरच्या अंगाला, लोंढ्याच्या बाहेर. वाट मातीचीच ठेवली. पावसाळ्यात निसरडी होते, तेवढे दिवस तिकडे जायचं नाही, ती जागा पाण्याची.

यंदा तिसरा पावसाळा. खंड्या रोज दिसतो, तुतवार थंडीत येऊन गेला. संध्याकाळी शाळेतली मुलं टाचण्या मोजायला येतात आणि त्यांच्यामागून आजी-आजोबा, काठीच्या आधाराने, सावकाश.

एप्रिल-मेमध्ये मात्र वास अजून येतो. आमच्या वर आणखी एक पाइप आहे. त्या सोसायटीच्या सचिव ताई परवा येऊन ओढा बघून गेल्या, बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. येत्या रविवारी त्यांच्या चेंबरमध्ये रंग ओतायचा ठरलंय. खजिनदार काकांनी बाटली आणून ठेवली आहे.