खालच्या ओळीतली माणसं

अमेरिकेतल्या भारतीयांच्या कमाईचा आकडा आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा निघतो. ज्याच्या घरातलं कुणी तिकडं गेलंय, त्याला तो तोंडपाठ असतो. आणि आकडा खोटा नाही. 2019 साली भारतात जन्मलेला कुटुंबप्रमुख असलेल्या घरांचं मध्यक, म्हणजे सगळ्या घरांत अगदी मधोमध येणारं, उत्पन्न वर्षाला सुमारे 1 लाख 32 हजार डॉलर होतं. सगळ्याच परदेशी जन्मलेल्यांची घरं धरली तर 64 हजार, आणि अमेरिकेतच जन्मलेल्यांची 66 हजार. आपली माणसं सरळ दुपटीच्या घरात.

मला बोलायचंय ते देशवार उत्पन्नाच्या याच तक्त्यात बरंच खाली असलेल्या इराकी लोकांबद्दल. त्यांच्या घरांचं उत्पन्न त्या 64 हजारांपेक्षाही बरंच कमी असतं. त्या साली चार माणसांच्या घरासाठी दारिद्र्यरेषा साधारण 26 हजार डॉलर होती. भारतातून गेलेल्यांपैकी तिच्याखाली 5 टक्के होते, एकूण स्थलांतरितांपैकी 14 टक्के. इराकी लोकांचं प्रमाण याहून कितीतरी जास्त.

विषय काढला माझ्या भाच्यानं. तो मिशिगनमध्ये ट्रॉयला असतो, मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. शेजारच्या स्टर्लिंग हाइट्समध्ये इराकी लोकांची मोठी वस्ती आहे आणि त्याच्या इमारतीतही एक इराकी कुटुंब खालच्या मजल्यावर राहतं. दिवाळीत फोनवर आमच्या अहिराणीत म्हणाला, "फुई (आत्या), आठे ह्या लोके सरकारना पैसावर जगतस. आपलासारखं नही शे त्यासनं." मुलगा मनानं वाईट नाही, हे पुढं कळेलच. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी शहाद्याला कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. माझा जिल्हा नंदुरबार. राज्याच्या 2012 च्या मानव विकास अहवालात सगळ्या जिल्ह्यांच्या खाली आमचं नाव होतं. तेव्हा पुण्या-मुंबईकडचे पाहुणे "तुमच्याकडे लोक कामच करत नसतील" अशा सुरात बोलायचे ते आम्ही ऐकून घेतलंय. शहादा तालुक्यात केळी-पपईचे बागायतदार, साखर कारखाना, ट्रॅक्टरच्या शोरूम. आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवर अक्राणी तालुक्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात रस्ता नाही. दोघांचा मिळून जिल्ह्याचा एक आकडा. त्यामुळे तक्ता समोर आला की मी आधी विचारते, यात कोण कोण धरलंय आणि ती माणसं तिथं आली कशी?

'एकूण स्थलांतरित' म्हणजे 2019 साली अमेरिकेत जवळपास साडेचार कोटी माणसं. त्यातला दर चौथा माणूस मेक्सिकोचा. भारतीय 27 लाख. इराकी दोन-अडीच लाख. शेतात टोमॅटो तोडणारा, इमारतीवर छप्पर घालणारा, दवाखान्यातला डॉक्टर, माझ्या भाच्यासारखा इंजिनिअर, सगळ्यांना एका ओळीत उभं केलं की मधोमध 64 हजारवाला सापडतो. पण या साडेचार कोटींपैकी बहुतेकांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांनी जायचं ठरवलं होतं. पैसे साठवले, कुणी नातेवाईक आधी गेला, त्यानं बोलावलं, नोकरी पाहिली आणि मग घर सोडलं. माझा भाचा तर विमानात बसला तेव्हा त्याच्या खिशात नोकरीचं पत्र होतं आणि तिकीट कंपनीनं काढलेलं होतं. भारतातून गेलेल्या मोठ्या माणसांत चारांपैकी तीन पदवीधर आहेत, एकूण स्थलांतरितांत तीनांपैकी एक. आपल्या देशातली सगळी माणसं तिथं गेलेलीच नाहीत, चाळणीतून निवडून गेलीत.

इराकी माणूस कसा गेला ते पाहा. 1972 मध्ये इराकनं तेल कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं आणि त्या पैशातून शाळा, विद्यापीठं, दवाखाने उभे केले. सत्तरच्या दशकात बगदादचा डॉक्टर किंवा इंजिनिअर म्हणजे खाऊनपिऊन सुखी, मान असलेला माणूस. मग 1980 ते 1988 इराणशी युद्ध. 2 ऑगस्ट 1990 ला सद्दामनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं आणि त्याच महिन्यात निर्बंध लागले, ते 2003 पर्यंत. या तेरा वर्षांत दिनार इतका घसरला की प्राध्यापकाच्या महिन्याच्या पगारात धड किराणाही येईना. माणसांनी पुस्तकं विकली, घरातलं सामान विकलं. 2003 मध्ये अमेरिकेचं आक्रमण. फेब्रुवारी 2006 मध्ये समारा शहरातल्या शियांच्या दर्ग्यात स्फोट झाला आणि त्यानंतर गल्लीगल्लीत शिया-सुन्नी खूनखराबा. लाखो लोक सीरिया आणि जॉर्डनमध्ये पळाले. तिथं काम करायची कायदेशीर परवानगी बहुतेकांना नव्हती. दमास्कसमध्ये, अम्मानमध्ये भाड्याच्या खोलीत वर्षानुवर्षं बसून राहायचं, कागद पुढं सरकायची वाट पाहायची आणि होती ती पुंजी मोडून खायची. 2014 च्या जूनमध्ये मोसुल शहर 'इसिस'च्या हाती पडलं आणि आणखी एक लोंढा निघाला.

म्हणजे अमेरिकेत पाय ठेवण्याआधीच त्यांची शिल्लक संपलेली असते. गरीब देशातला गरीब माणूस, असं हे नव्हे. चांगलं चाललेलं घर वीस-पंचवीस वर्षांत टप्प्याटप्प्यानं रिकामं झालं आणि रिकामं झाल्यावर तो तिथं पोचला. पोचला तोही कधी? अमेरिकेनं इराकी निर्वासितांना मोठ्या संख्येनं घ्यायला सुरुवात केली 2008 पासून. 2009 या एका आर्थिक वर्षात 18 हजारांवर माणसं आली. त्याच 2009 मध्ये दोन मोठ्या मोटार कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि मिशिगनची बेरोजगारी 13 टक्क्यांच्या वर पोचली. तिथं जन्मलेल्या, तिथलीच भाषा बोलणाऱ्या कामगारांना काम नव्हतं. हे काम मागायला आले, ते असल्या वर्षात.

आता भाच्याच्या खालच्या मजल्यावरचा माणूस. बगदादला पाटबंधारे खात्यात सिव्हिल इंजिनिअर होता, कालव्यांच्या कामावर. आता गोदामात रात्रपाळीला खोके भरतो. एकदा तो एक कागद घेऊन भाच्याकडे वाचून घ्यायला आला. भाच्यानं मला फोनवर तो कागद वाचून दाखवला आणि मी त्याला मधेच थांबवलं, कारण माझा विश्वास बसेना. ते विमानाच्या तिकिटांच्या कर्जाचं पत्र होतं. निर्वासित म्हणून अमेरिका ज्यांना बोलावून घेते, त्यांचं विमानभाडं फुकट नसतं. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना ते पैसे उसने देते, बिनव्याजी, आणि पोचल्यानंतर साधारण सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. घरातल्या प्रत्येक माणसाचं तिकीट, लेकरांचंसुद्धा. पाच माणसांचे काही हजार डॉलर. ज्या संस्थेनं घर मिळवून दिलं, लेकरांना शाळेत घातलं, तीच संस्था बहुधा हप्ते गोळा करते. पत्रावर महिन्याचा हप्ता, शेवटची तारीख आणि खाली पैसे कुठं पाठवायचे तो पत्ता. तो माणूस विचारत होता, एकदम भरले तर चालतील का. रोज रात्री खोके उचलणारा माणूस. हे मला भाच्यानंच सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज मघासारखा नव्हता.

पदवीचं म्हणाल तर ती कागदावर राहते. बगदादच्या डॉक्टरला तिथं पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात, मग रेसिडेन्सीची, म्हणजे दवाखान्यातल्या प्रशिक्षणाची, जागा मिळवावी लागते, आणि त्यात वर्षं जातात. चाळिशीतला, तीन लेकरांचा बाप ती वर्षं कशावर काढणार? कॉलेजची मूळ कागदपत्रं मागवायची तर ती ज्या शहरात आहेत तिथं परत पाऊल ठेवायची सोय नाही. इराकमध्ये अमेरिकी सैन्याबरोबर दुभाषे म्हणून काम केलेल्यांचा वेगळा व्हिसा होता, त्यांचं इंग्रजी उत्तम. तरी टॅक्सी, गोदाम, सुरक्षारक्षक, इथूनच सुरुवात.

त्याच डेट्रॉइटच्या परिसरात दुसरेही इराकी आहेत, आणि ते माहीत नसले तर चित्र अर्धंच राहतं. खाल्डियन ख्रिश्चन, उत्तर इराकमधल्या खेड्यांतले. 1914 मध्ये हेन्री फोर्डनं कामगाराला दिवसाला 5 डॉलर द्यायला सुरुवात केली, त्या काळापासून ते थोडे थोडे येत गेले. कारखान्यात राबले, मग किराणा दुकानं टाकली. पुढं डेट्रॉइट शहरातली कितीतरी किराणा दुकानं त्यांच्या हातात होती. एकानं दुकान टाकलं की चुलतभाऊ येऊन गल्ल्यावर बसायचा, शिकायचा, मग स्वतःचं टाकायचा. त्यांची पोरं आज वकील आहेत, डॉक्टर आहेत. देश तोच. फरक येण्याच्या रीतीचा आणि वर्षांचा.

हे सगळं आम्हाला कुणी मिशिगनमधून समजावून सांगायची गरज नाही. खानदेशातून सुरतेला किती माणसं गेली! लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली, कुठंही उतरा, अहिराणी कानावर येते. धुळ्याकडचा एक भाऊ लूमवर लागतो, खोली घेतो, वर्षभरानं दुसऱ्या भावाला बोलावतो. गावाकडं दोन एकर कोरडवाहू का होईना, शेत राहतं. आखाजीच्या, कानबाईच्या सणाला घरी येता येतं. 2020 मध्ये सुरत बंद पडली तेव्हा माणसं चालत, ट्रकवर बसून, हाल सोसत आली, पण यायला गाव होतं. त्यातल्या कितीतरी जणांची आता तिथं पक्की घरं आहेत, सोसायटीत चेअरमन आहेत.

आणि दुसरीकडं सरदार सरोवराखाली गेलेली आमच्याच जिल्ह्याची 33 गावं, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. ती माणसं कुठं कमवायला निघाली नव्हती, पाणी आलं म्हणून निघाली. तळोदा-शहाद्याकडं, सोमावल, वडछील अशा वसाहतींत त्यांना आणून बसवलं. ज्यांची जमीन गेली त्यांना किमान 2 हेक्टर द्यायची असं नर्मदा पाणीवाटप लवादाच्या 1979 च्या निवाड्यात होतं, आणि अनेकांना ती मिळालीही. पण नदीतली मासोळी, जंगलातला मोह, टेंभुर्णीची पानं, सरपण, गुरांना चराई, यातलं काहीच सातबाऱ्यावर नव्हतं, म्हणून त्याचा मोबदलाही नाही. माझ्या वर्गात वसाहतीतली मुलं येतात. एका मुलीनं मला सांगितलं, आजी वर गावात होती तेव्हा मीठ सोडून फारसं काही विकत आणत नव्हती, इथं लाकूडसुद्धा विकत घ्यावं लागतं. सुरतेला गेलेल्या माणसाची आणि या आजीची कमाई एका तक्त्यात मांडून कुणी मला म्हणालं की आजी कमी कष्टाळू, तर मी ते ऐकून घेणार नाही.

भाच्याची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. इराकी घरं मोठी असतात, बायका बाहेर कामाला जाण्याचं प्रमाण कमी आहे, सुरुवातीच्या वर्षांत मदतीवर असणाऱ्यांची संख्या खरोखर जास्त असते. पण इंग्रजी न येणारी, तीन लहान लेकरं असलेली बाई, जिच्या गावात सासू नाही, आई नाही, ती लेकरं कुणापाशी ठेवून जाणार? तिथल्या पाळणाघराला तिचा निम्मा पगारही पुरत नाही. आणि मदत कायमची राहते हेही खरं नाही. 2017 मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या विल्यम इव्हान्स आणि डॅनियल फिट्झजेराल्ड या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत आलेल्या सगळ्याच देशांच्या निर्वासितांचा अभ्यास मांडला. मोठ्या वयात आलेल्यांची पहिली वर्षं हलाखीची. पण सहा वर्षं झाली की कामावर असण्याचं त्यांचं प्रमाण तिथं जन्मलेल्यांपेक्षाही जास्त होतं. मिळकत मात्र स्थानिकांइतकी कधीच होत नाही. आणि 18 ते 45 वयात आलेले निर्वासित पहिल्या वीस वर्षांत जेवढी मदत घेतात त्याहून सरासरी 21 हजार डॉलर जास्त कर भरतात. हा हिशेब मी भाच्याला पाठवला. 'सरकारना पैसा' कोण कुणाला देतंय, हे त्यात स्पष्ट आहे.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ज्या निर्वासितांच्या घरात लहान मुलं नाहीत, त्यांना मिळणारी रोख मदत काही वर्षांपूर्वी 8 महिन्यांवरून 12 महिने केली होती. मे 2025 पासून नव्यानं येणाऱ्यांसाठी ती 4 महिन्यांवर आणली. त्याआधी, 20 जानेवारी 2025 ला, निर्वासितांना घेण्याचं कामच थांबवण्याचा आदेश निघाला होता. चार महिन्यांत माणसानं भाषा शिकायची, गाडीचं लायसन्स काढायचं, नोकरी धरायची, आणि मदत संपल्यावर दोन महिन्यांनी तिकिटाचा हप्ता सुरू. ते जमलं नाही की तो पुढच्या तक्त्यात आणखी खाली दिसणार, आणि कुणीतरी पुन्हा दिवाळीच्या फोनवर म्हणणार की ह्या लोकांचं असंच असतं.

भाच्याला मी एक काम दिलंय. पुढच्या वेळी उत्पन्नाचा तक्ता पाठवशील तर देशाच्या नावापुढं 'कोणत्या साली आले' आणि 'कोणत्या व्हिसावर आले' हे दोन रकाने असलेला शोधून पाठव. बारावीच्या वर्गात मला तो फळ्यावर काढायचाय, नर्मदेच्या वसाहतींच्या तक्त्याशेजारी. वसाहतींचा तक्ता मुलंच गोळा करतायत, घरोघर जाऊन.