कार्नूस्टी १:८७, भाग ९: ओढा एकदाचा वाळला

मंडळी, ओढा वाळला! आज सकाळी नख रोवून बघितलं, खूण पडली नाही. मग धीर करून अंगठा दाबला, ठसा उमटला नाही. एवढ्यासाठी मार्चपासून झुरत होतो. त्यामुळे आजचा भाग जवळजवळ सगळा बॅरी बर्नचा आहे, म्हणजे स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टी गोल्फ मैदानावरच्या ओढ्याचा; त्या मैदानाचा शेवटचा होल मी १:८७ स्केलमध्ये बनवतोय. गवताची वाट बघणाऱ्यांनी सरळ शेवटाकडे उडी मारावी, मी रागावणार नाही.

मागच्या भागात पाण्यासाठी रेझिनचा (हार्डनर मिसळला की कडक होणाऱ्या द्रवाचा) थर चौथ्यांदा ओतून झाकून ठेवला होता आणि "आता काही बिघडत नाही" असं लिहून बसलो होतो. तीन दिवसांनी झाकण काढलं तर ओढ्याला गुलाबजामच्या पाकाची कळा आलेली. वर चिकट, आत मऊ, आणि मधोमध उभा असलेला फ्रेंच गोल्फर ज्याँ वान द वेल्ड मागे रेलून आभाळाकडे बघत होता. १९९९ च्या ओपनचा (ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धेचा) तो शेवटचा होल, ७२ वा, आणि त्यात तो ओढ्यात कमरेवर हात ठेवून उभा राहिला तो क्षण मला पकडायचा आहे. माझा ज्याँ मात्र स्विमिंग पूलमध्ये तरंगायला आल्यासारखा दिसत होता. चिमट्याने उचलायला गेलो तर एक पाय ओढ्यातच राहिला. हा तिसरा. प्रायझर कंपनीच्या छोट्या माणसांचा दर्जा उत्तम, पण वीस मिलिमीटरच्या माणसामागे जे पैसे मोजतो ते घरात कुणाला सांगायची हिंमत नाही.

आता ओढा एवढा का छळतो ते. सुरुवातीला मी आठ मिलिमीटर खोल चर कोरला होता, कारण खोल पाणी दिसायला झकास. पण फोटो नीट बघा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आहे आणि पाणी जेमतेम पोटरीला लागतंय. तीस सेंटीमीटर पाणी धरलं तर आपल्या स्केलला साडेतीन मिलिमीटर होतात. म्हणून चर भरून घेतला, तळाला तपकिरी-हिरवा रंग दिला आणि पाणी सव्वा मिलिमीटरच्या तीन पातळ थरांत ओतायचं ठरवलं. इथेच फसलो. जाड थरात रेझिन स्वतःच्या उष्णतेने कडक होतं. पातळ थरात ती उष्णता लगेच निघून जाते आणि सगळं काम रेंगाळतं. थोडक्यात, पातळ थर चुका माफ करत नाही.

पहिला संशय अर्थातच पावसावर. पुण्यात जूनपासून खोलीतला आर्द्रतामापक पंचाऐंशीच्या खाली आलेला नाही. दमट हवेत हार्डनरमधली अमाइन्स हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात आणि वर मेणचट साय धरते. ही साय कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन निघते. मी धुतली. साय गेली, खालचा चिकटपणा तसाच. मग खोक्यात साठचा बल्ब आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवून तिसरा थर त्यात शिजवला. उपयोग शून्य, फक्त विजेचं बिल.

दुसरा संशय हार्डनरवर. ज्या दुकानातून घेतलं त्याने बाटली फडक्याने पुसून दिली होती. फडक्याने पुसून दिलेली बाटली घेऊ नये हा धडा मी ह्या छंदात तिसऱ्यांदा शिकतोय. नवीन सीलबंद संच मागवला. तोही चिकटच.

तिसरा संशय रंगावर. ओढ्याला कोऱ्या चहाची छटा हवी म्हणून मी ॲक्रिलिकचे दोन थेंब टाकत होतो. ॲक्रिलिकमध्ये पाणी असतं आणि ते रेझिनला मानवत नाही. म्हणून त्याऐवजी तैलरंगातला अंबर टाचणीच्या टोकावर घेतला. रंग सुरेख आला. थर चिकटच.

आणि मग आई. वजनकाटा स्वयंपाकघरातला, तिचाच. चौथ्या फजितीनंतर मी तो परत ठेवायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "तुझं काम झालं असेल तर तो काटा फेकून दे. लबाड आहे तो. परवा वेलदोड्याची पूड चिमटीचिमटीने टाकत होते, शून्याच्या पुढे सरकेना. वाटीत काढून एकदम ओतली, तर चार ग्रॅम!"

मी जागच्या जागी थिजलो. काट्यावर रिकामी वाटी ठेवली, शून्य केलं आणि आईच्याच औषधाच्या ड्रॉपरने पाणी टाकायला लागलो. दहा थेंब, शून्य. वीस थेंब, शून्य. चाळीस थेंब, म्हणजे चांगलं दोन मिलिलीटर पाणी वाटीच्या तळाशी हलताना दिसतंय आणि काटा शून्यावर ढिम्म. वाटी उचलून परत ठेवली तर झटकन दोन ग्रॅम.

कारण साधं आहे. शून्य डळमळू नये म्हणून हे स्वस्तातले काटे शून्याच्या आसपासचा बारीक बदल गिळतात आणि तिथेच नवं शून्य मानतात. आता माझी रीत बघा. आधी रेझिन ओतायचं, काटा शून्य करायचा, आणि मग हार्डनर अगदी जपून, थेंबाथेंबाने. एका थराला लागणारा माल सगळा मिळून पंचवीस ग्रॅम, त्यात हार्डनर आठ. त्यातले दोन ग्रॅम काट्याने गिळले की प्रत्यक्षात पडतात दहा. वर माझा काटा एका ग्रॅमच्या टप्प्यानेच आकडा दाखवतो, ती चूक वेगळी. म्हणजे जितकं जपून ओतलं तितकं जास्त चुकलं! हार्डनर वाढलं की थर लवकर कडक होतो ही समजूत साफ चुकीची आहे. जास्तीचा हार्डनर कुणाशी न जुळता तसाच राहतो आणि थर कायमचा मऊ पडतो.

उपाय दहा मिनिटांत झाला. औषधाच्या दुकानातून सुईविना दोन सिरिंज आणल्या, एक वीस मिलिलीटरची, एक दहाची. माझ्या संचावर दोनास एक हे प्रमाण आकारमानाने दिलेलं आहे, म्हणजे काट्याची गरज मुळात नव्हतीच. (तुमच्या बाटलीवर प्रमाण वजनाने आहे की आकारमानाने हे वाचा. दोन्ही सारखी नसतात, हार्डनर हलका असतो.) सोळा मिलि रेझिन, आठ मिलि हार्डनर. चार मिनिटं सावकाश ढवळलं, दुसऱ्या पेल्यात ओतून परत दोन मिनिटं, कारण पहिल्या पेल्याच्या कडांना न मिसळलेला माल चिकटून असतो. आधीचा सगळा पाक खरवडून, स्पिरिटने पुसून, चर कोरडा केला होता. ओतलं, बुडबुड्यांवर लांबून लायटर फिरवला, खोकं उपडं घातलं आणि दोन दिवस त्या खोलीत गेलो नाही. मग दुसरा थर, मग तिसरा.

आणि आज सकाळी तो दिसला. कोऱ्या चहासारखं पाणी, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, तळाचे खडे अंधूक दिसताहेत. रेझिन भिंतीवर जरा चढलंय, ते चढतंच, पण वरून मॅट वॉर्निशचा एक हात दिला की ओल वाटते. चौथा ज्याँ दुसऱ्या थरानंतर उभा केला, तळपाय कापून, पोटऱ्या उघड्या रंगवून. ताठ उभा आहे. मी बराच वेळ खुर्ची ओढून त्याच्याकडे बघत बसलो.

आणि बघता बघता एक वाईट विचार आला. ओपन इथे हरली गेलीच नव्हती.

हिशेब सगळ्यांना पाठ आहे. तीन फटक्यांची आघाडी, होल पार ४ (म्हणजे चार फटक्यांत पुरा करायचा), सहा मारले असते तरी ओपनचा चषक, म्हणजे क्लॅरेट जग, घरी. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, ड्रायव्हरचा फटका उजवीकडे गेला, पण चेंडू बऱ्या जागी बसला. मग दोन नंबरची आयर्न, म्हणजे लांब फटक्याची काठी. तिथे वेजने (जवळच्या फटक्याच्या काठीने) पुढे ढकलला असता तर, हे वाद आपण भाग ३ मध्ये पुरेसे घातलेत. तो फटका उजवीकडच्या प्रेक्षक-स्टँडच्या कठड्याला लागला, मागे उडाला, ओढ्याच्या भिंतीच्या माथ्यावर आपटला आणि तिथून उलटा पन्नासेक यार्ड मागे, गुडघाभर रफमध्ये, म्हणजे न कापलेल्या उंच गवतात. स्टँडमध्ये प्रेक्षकांच्या पायांत पडला असता तर फुकट ड्रॉप, म्हणजे दंडाशिवाय चेंडू बाजूला टाकायची मुभा, मिळाला असता. तिसरा फटका रफमधून निघाला तो ओढ्यात, आणि मग बूट-मोजे काढणं, उतरणं, बघणं, आणि शेवटी दंड घेऊन ड्रॉप. पाचवा बंकरमध्ये, सहावा ग्रीनवर, सातवा पट (ग्रीनवरचा हलका फटका) आत. एकूण २९०, जस्टिन लेनर्ड आणि पॉल लॉरी ह्यांच्याशी बरोबरी.

म्हणजे ओढ्यात तो उभा होता तो परिणाम. कारण कठडा. आणि मी काय केलंय? ओढ्यावर चार महिने घालवले आणि स्टँड म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांचं एक ओबडधोबड खोकं कडेला ठेवलंय, त्याला कठडाच नाही!

तेव्हा योजना बदलली. स्टँड मोडून परत बांधणार. कठड्याचा पाइप चार सेंटीमीटरचा धरला तर आपल्याला अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार लागते. मजा पुढे आहे. गोल्फचा चेंडू ४२.६७ मिमीचा, म्हणजे १:८७ ला तोही अर्धा मिलिमीटरच. तार आणि चेंडू शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. एवढ्या जाडीच्या नळीला एवढा चेंडू नेमका लागला. केसभर वर असता तर स्टँडमध्ये, केसभर खाली असता तर कदाचित समोरच्या गवतात. फटका वाईट होता हे खरं, पण शिक्षा त्याच्या मानाने फार झाली असं माझं मत होत चाललंय. भाग ३ मध्ये मी अगदी उलट लिहिलं होतं, ते कुणीतरी उकरून काढेलच.

चेंडूचा मार्ग दाखवायला मासेमारीची सर्वांत बारीक नायलॉन दोरी ताणायचा विचार आहे. कठड्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत, तिथून मागे रफपर्यंत. पन्नास यार्ड म्हणजे साडेबावन्न सेंटीमीटर, मॉडेलचा पाट एकशेवीसचा, बसतंय. दोरी दिसावी की न दिसावी ह्यावर तुमची मतं हवीत. ताईचं म्हणणं, दोरी लावली की ते शाळेच्या प्रदर्शनातलं मॉडेल वाटेल. पटतंय, पण दोरीशिवाय कठडा कशाला आहे तेच कळणार नाही.

बाकीचं झटपट. डास मारायच्या रॅकेटला चहाची गाळणी जोडून केलेलं, गवताचे धागे उभे चिकटवायचं यंत्र अजून झकास चालतंय. हजारोंची परदेशी यंत्रं घेणाऱ्यांची मला कीव येते (आणि थोडा हेवाही वाटतो). रफसाठी सहा मिलिमीटरचे धागे, त्यात निम्मे वाळक्या रंगाचे. १९९९ साली हेडग्रीनकीपर (मैदानाचे मुख्य देखभालकर) जॉन फिल्प ह्यांनी राखलेल्या रफला आणि अरुंद फेअरवेंना (कापलेल्या गवताच्या पट्ट्यांना) खेळाडूंनी इतक्या शिव्या घातल्या की गवत हिरवंगार दाखवणं बरोबर नाही. ग्रीन म्हणजे शून्य नंबरचा पॉलिश पेपर रंगवून, त्यावर हात फिरवू नये. बंकरात क्रेग पॅरी बसवला. तो त्याच गटात होता, त्याच बंकरात होता आणि त्याने तिथून थेट होलमध्ये घातला, हे कुणाला आठवत नाही, म्हणून त्याला मुद्दाम चांगला रंगवलाय. मागचं हॉटेल बांधणार नाही, छापील पार्श्वभूमीवर भागवणार.

राहता राहिला लॉरी, म्हणजे जिंकलेला माणूस, आणि माझ्या पाटावर त्याला जागाच नाही! शेवटच्या दिवशी दहा फटके मागून सुरुवात केली, ६७ मारले, आणि बरोबरी मोडायच्या चार होलच्या प्लेऑफमध्ये शेवटचे दोन्ही बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी). ह्याच ओढ्यावरून चार नंबरच्या आयर्नने चेंडू होलजवळ टाकला. कार्नूस्टीपासून काही तासांच्या अंतरावरसुद्धा नाही, अ‍ॅबर्डीनचा पोरगा. म्हणून माणसांच्या पायांत छोटे चुंबक बसवायचं डोक्यात आहे, म्हणजे ज्याँ उचलला की त्याच ग्रीनवर लॉरी. मग २००७ चा हॅरिंग्टनही करता येईल, त्याने तर ह्याच होलवर दोनदा ओढ्यात घालून वर ओपन जिंकली. पण ज्याँ आता रेझिनमध्ये कायमचा पक्का झालाय, हे हा परिच्छेद लिहिताना लक्षात आलं. असो. लॉरी ग्रीनवर, ज्याँ पाण्यात, दोघे एकाच वेळी. इतिहासतज्ज्ञांनी डोळे मिटावेत.

चेंडूचं सांगायचं राहिलं. खसखस करून बघितली, दुप्पट मोठी दिसते. मोहरी तर फुटबॉल. शेवटी बारीक रव्याचा दाणा, पांढरा रंग देऊन, हाच योग्य ठरला. आज दुपारी त्यातला एक सुईच्या टोकावर घेऊन भिंतीच्या माथ्यावर ठेवत होतो, तेवढ्यात पंखा सुरू असल्याचं लक्षात आलं. टॉर्च घेऊन गुडघ्यांवर शोधत बसलो. १९९९ च्या नियमाने पाच मिनिटं मिळायची, हल्लीसारखी तीन नाही, तेवढी पुरेपूर घेतली. सापडला नाही. डब्यातून दुसरा दाणा काढलाय, एक फटका दंड.