तीन मजले, पाऊण मिलिग्रॅम

तक्रार दोन ओळींची होती. ‘तराजू तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर हलवला, तेव्हापासून कमी दाखवतो. नेताना धक्का बसला असावा.’ तो उचलून वर आणणारे प्रयोगशाळेतले काका दारातच उभे होते. म्हणाले, “मॅडम, तान्ह्या पोरासारखा धरून आणला हो. मधे कुठं टेकवलासुद्धा नाही.”

तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा, क्षमता २२० ग्रॅम. मॉडेल जुनं, त्यामुळे आत स्वतःचं कॅलिब्रेशनचं, म्हणजे आकडा ताडून जुळवण्याचं, वजन नाही. २०० ग्रॅमचं ई-२ या अतिशय अचूक वर्गाचं प्रमाण वजन चिमट्याने पाच वेळा ठेवलं. १९९.९९९२, १९९.९९९३, पुन्हा १९९.९९९२, यापलीकडे आकडा हलला नाही. खाली असताना याच वजनाला नोंदवहीत २००.०००० लिहिलेलं होतं. मग १०० ग्रॅम ठेवलं, तर तूट बरोबर निम्मी, ०.४ मिलिग्रॅम.

धक्का बसलेला तराजू असा वागत नाही. त्याचे आकडे दर वेळी वेगळे येतात, वजन काढल्यावर तो शून्यावर परतत नाही आणि ताटलीच्या कडेला ठेवलेलं वजन मधल्यापेक्षा वेगळं भरतं. चारही कडांना १०० ग्रॅम ठेवून पाहिलं, फरक ०.१ मिलिग्रॅमच्या आत. तूट पक्की आणि वजनाच्या प्रमाणात होती. काकांवरचा आळ माझ्या मनातून तिथेच उतरला. पण अहवालात ‘मला वाटतं’ असं लिहून भागत नाही.

आधी नेहमीचे संशयित. पाणसळीचा बुडबुडा मधोमध होता. हे पाहावंच लागतं, कारण तराजू कलला की वजनाचा फक्त सरळ खाली येणारा भाग मोजला जातो. एवढी तूट यायला ०.१६ अंश कल पुरतो, म्हणजे २० सेंटिमीटर अंतरावरच्या पायांपैकी एक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त उचललेला. मग हवा. स्टीलचं २०० ग्रॅम वजन २५ मिलिलिटर हवा बाजूला सारतं आणि त्या हवेच्या उद्धरणामुळे, म्हणजे वर उचलण्यामुळे, सुमारे ३० मिलिग्रॅमने हलकं भरतं. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने बदलला तर यातच ०.३ मिलिग्रॅमचा फरक पडतो. पण दोन्ही दिवसांचे दाब आणि तापमान नोंदवहीत जवळजवळ सारखेच होते. (अशी नोंदवही ठेवणाऱ्यांचे मी मनोमन आभार मानते. बहुतेक ठिकाणी ती नसतेच.)

उरली ती उंची. पृथ्वीच्या केंद्रापासून लांब गेलं की ओढ कमी होते आणि जमिनीलगत हे प्रमाण दर मीटरला एक कोटी भागांत सुमारे ३.१५ भाग पडतं. मजला चार मीटरचा, म्हणजे तिसरा मजला १२ मीटर वर. २०० ग्रॅमला हिशेब येतो ०.७६ मिलिग्रॅम.

काकांनी विचारलं, “म्हणजे ते वजन खरंच कमी झालं? झिजलं?”

झिजलं नाही. वजनातला माल तेवढाच आहे. या तराजूत एक कॉइल चुंबकात बसवलेली असते. ताटली खाली दबू नये म्हणून कॉइलमध्ये जेवढा प्रवाह सोडावा लागतो, त्यावरून तो ग्रॅम सांगतो. म्हणजे तो मोजतो दाब आणि छापतो ग्रॅम. दोन ताटल्यांचा जुना तराजू असता तर त्याला हा फरक कळलाच नसता, कारण ओढ दोन्ही बाजूंनी सारखीच घटते. विषुववृत्तावर लावलेला इलेक्ट्रॉनिक तराजू तसाच ध्रुवावर नेला, तर तो २०० ग्रॅमला एक ग्रॅमहून जास्त चढून दाखवेल.

खात्रीचा उपाय एकच होता: तराजू पुन्हा खाली नेऊन वाचायचा. बंद केलेला तराजू चालू केल्यावर लगेच वाचला तर आतल्या गरमीमुळे आकडा सरकत राहतो, म्हणून तीन तास थांबायचं ठरलं. काका म्हणाले, मी नेतो, पण तुम्ही सोबत चला. लिफ्टमध्ये त्यांनी पुढचा प्रश्न काढला. वर जाताना माणूस जड होतो ना? मग तराजू वर जाऊन हलका कसा झाला?

तराजू खाली लावून तापत ठेवला आणि स्टोअरमधला बॅटरीवर चालणारा पाच किलोचा काटा व दोन किलोचं लोखंडी वजन घेऊन आम्ही पुन्हा लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्ट वर निघाली तसा आकडा २,१०० ग्रॅमच्या आसपास गेला, मग २,००० वर येऊन तिथेच थांबला. तिसरा मजला जवळ आला तेव्हा १,९०० पर्यंत उतरला. काका त्या मधल्या २,००० कडेच बघत राहिले. “आपण तर वर चाललोय अजून.”

मुद्दा तिथेच आहे. जडपणा येतो तो वेग बदलताना. एकसारख्या वेगाने जाणारी लिफ्ट आणि थांबलेली लिफ्ट यांतला फरक काट्याला कळत नाही. १०० ग्रॅमचा चढउतार म्हणजे वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद या दराने बदलत होता. लिफ्ट मोकळी पडली तर काटा शून्य दाखवेल, कारण तोही वजनासोबत तेवढ्याच जोराने पडत असेल. अंतराळस्थानकात नेमकं हेच चालतं. ४०० किलोमीटरवर पृथ्वीची ओढ संपलेली नसते; इथे ९.८ असते ती तिथे ८.७ मीटर प्रतिसेकंद वर्ग असते. स्थानक सतत पडत असतं, पण सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने आडवंही जात असल्यामुळे जमिनीला लागत नाही.

मग घड्याळाची पाळी. वर गेल्यावर वेळ बदलतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. पुढे जातो की मागे?

याचं उत्तर घड्याळ कोणतं त्यावर आहे. लंबकाचं असेल तर मागे पडेल. ओढ कमी झाली की झोका मंदावतो. १२ मीटरवर दिवसाला ०.१६ सेकंद. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ रिशेर १६७२ मध्ये पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला तेव्हा त्याचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडत होतं आणि त्याला लंबक आखूड करावा लागला. तो दोष घड्याळाचा, वेळेचा नव्हे. आमच्या तराजूचाच प्रकार. अणुघड्याळ मात्र वर नेलं की पुढे जातं, १२ मीटरवर दिवसाला नॅनोसेकंदाचा सुमारे नववा भाग.

ते का, हे समजावायला लिफ्टच कामी आली. समजा लिफ्ट पृथ्वीपासून दूर आहे आणि सतत वेग वाढवत वर चालली आहे. तळातला दिवा दर सेकंदाला एकदा चमकतो. चमक छतापर्यंत पोचेपर्यंत छताचा वेग थोडा वाढलेला असतो, म्हणून छतावरच्या माणसाला दोन चमकांमधलं अंतर एका सेकंदाहून किंचित जास्त भरतं. त्याच्या लेखी तळातलं घड्याळ हळू चालतं. आता, अशी लिफ्ट आणि जमिनीवर उभी असलेली लिफ्ट आतून ओळखता येत नाही, हा आइन्स्टाइनचा १९०७ चा विचार. म्हणून जमिनीवरही खालचं घड्याळ हळू आणि वरचं जलद. इथे वर ओढ कमी होते याचा संबंध नाही. ती वरपर्यंत सारखी असती तरी हा फरक पडलाच असता. माझ्या अनुभवात लोक सर्वांत जास्त इथेच अडखळतात.

पाउंड आणि रेब्का या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये हार्वर्डमधल्या मनोऱ्यात २२.५ मीटर अंतरावर हे गॅमा किरणांनी पडताळलं. २०१० मध्ये अमेरिकेत अ‍ॅल्युमिनियम आयनाच्या घड्याळांत ३३ सेंटिमीटर उंचीचा फरकही दिसला. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं उंचीमुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे ७ मागे पडतात. हिशेब ३८ चा, आणि तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो.

तीन तासांनी खाली वाचन घेतलं. २००.००००, २००.००००, १९९.९९९९, २००.००००. अहवालात लिहिलं: तराजू निर्दोष, हाताळणीत हानी नाही, कायमच्या जागी ठेवून तिथेच प्रमाण वजनाने समायोजन करावे. शेऱ्यात मजलाही लिहिला, कारण प्रमाणपत्रावर फक्त इमारतीचा पत्ता असला की हा प्रकार पुन्हा घडतो.

तराजू परत वर नेताना काकांचा हिशेब चालू होता. मजल्याला पाव मिलिग्रॅम. पुढच्या आठवड्यात दुसरा तराजू तळमजल्यावरून चौथ्यावर न्यायचा आहे, म्हणजे एक मिलिग्रॅम कमी दाखवणार. “आधीच लिहून द्या मॅडम, नाहीतर पुन्हा माझ्यावर येईल.” तो नवा आहे, आत मोटरवर चालणारं वजन आहे, वर नेऊन तापला की कॅलिब्रेशनचं बटण दाबायचं, म्हणजे झालं. तरी चिठ्ठी लिहून दिली.